दलालाला परस्पर टाळताना



आपल्यापैकी अनेकांनी घराचा वरचा मजला भाड्याने दिला आहे. भाडेकरू शोधायला आपण दलालाला सांगतो. तो माणसे आणतो, भर उन्हात जिने चढतो. मग आपण त्याला ‘सध्या द्यायचे नाही’ म्हणतो आणि त्यानेच आणलेल्या कुटुंबाशी परस्पर करार करतो. महिन्याभराच्या भाड्याइतकी दलाली वाचते. हा शहाणपणा म्हणायचा की चोरी?

दलालाचे काम थांबवण्याचा हक्क आपल्याला आहेच. १८७२ चा भारतीय करार कायदा तो मान्य करतो. पण वाजवी पूर्वसूचना मागतो आणि झालेल्या कामातून आलेली बांधिलकी मागे घेऊ देत नाही.

‘लेखी कुठे काय होते?’ असे आपण म्हणतो. पण शब्द तर दिला होता! दलालाने खोटे सांगितले असेल, तर तसे त्याच्या तोंडावर सांगून त्याला थांबवावे. त्याने माणूसच आणला नसेल, तर देणेही नाही. मात्र त्याने आणलेला माणूस ठेवून घेऊन त्यालाच टाळणे, हे त्याची मजुरी बुडवणेच होय.

दलाल जरूर बदलू या. पण आधी हिशेब चुकता करून. त्याच्याही घरी चूल पेटायची असते.