वेशीवरचे बंधन आणि वेशीआतली जबाबदारी

करोनाच्या साथीचा हिशेब मांडताना ग्रामीण महाराष्ट्राविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात गावाची सरळ दोन गटांत वाटणी केलेली आढळते. मास्क लावणारे, लस घेणारे, घरात थांबणारे ते शहाणे. आणि चाचणी टाळणारे, ताप लपवणारे, मनाई असताना लग्नाला गर्दी जमवणारे ते अडाणी किंवा बेशिस्त. ही वाटणी सोयीची आहे, कारण ती एकदा मान्य केली की नियम करणाऱ्याला कशाचाच जाब द्यावा लागत नाही. साथ वाढत असताना एकच गाव का दुभंगते, हा प्रश्न मात्र तिथे तसाच राहतो.

पुणे-सातारा महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे, जाणाऱ्या रस्त्यावरचे मार्गासनी हे असा प्रश्न ज्यांच्या संदर्भात विचारावा अशा गावांपैकी एक आहे. राजगडाला निघालेले लोक इथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. या खोऱ्यातली शेती मुख्यतः भाताची, पावसावरची. आणि अनेक घरांचा एक पाय पुण्यात किंवा मुंबईत रोवलेला. 24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि महाराष्ट्रात गावोगावी दगड, काट्याकुट्या, लाकडे आडवी टाकून वेशी बंद करण्यात आल्या. मार्गासनीसारख्या रस्त्यावरच्या गावात अशा बंदीचा अर्थ घरागणिक बदलतो. घरात दम्याचे म्हातारे माणूस असलेल्याला ती ढाल वाटते, गडावर येणाऱ्यांवर ज्याचे चहाचे दुकान चालते त्याला ती उपासमार वाटते, आणि ज्याचा मुलगा कात्रज-धनकवडीच्या खोलीत पगाराविना अडकला आहे त्याला ती सरळ अन्याय वाटते. दूध अत्यावश्यक सेवेत होते. त्यामुळे गोठ्यातले दूध शहरात पोचू शकत होते, पण ते दूध घालणाऱ्याच्या मुलाला घरी परतण्याची मुभा नव्हती. ज्यांचे हितच असे वाटले गेले आहे, त्यांच्याकडून एकमुखी प्रतिसादाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

साथ हे थोतांड होते असे मानणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही, आणि सारा दोष दारिद्र्याचा असे म्हणणारे अर्धेच बोलतात. शिस्तवाद्यांचे म्हणणे मात्र तपासायला हवे, कारण ते आज सर्वसामान्य समज होऊन बसले आहे. विषाणू कोणाच्या विश्वासाची वाट पाहत नाही, म्हणून आधी सक्ती आणि मग समजूत, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्याचा अंश आहे, हे नाकारता येणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत सक्तीवाचून गत्यंतर नव्हते, हेही मान्य करता येईल. पण लोक सक्तीला बिचकतात ते अज्ञानामुळे, हे त्यामागचे गृहीतक पुणे जिल्ह्याच्याच इतिहासाला धरून नाही.

1897 च्या प्लेगची कथा मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. रँडच्या अधिकाराखाली 13 मार्चपासून सुरू झालेली घरझडती, गोऱ्या सैनिकांचा देवघरापर्यंतचा वावर, 22 जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळ्या, हे सारे पाठ आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा असतो. रोग्याला वस्तीपासून दूर ठेवण्यालाच पुणेकरांचा विरोध होता, असे तो धरून चालतो. त्याच मार्च महिन्यात हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. तोही शहराबाहेरच होता आणि तिथेही रोगी घरापासून दूरच ठेवले जात होते. फरक इतकाच की तिथे रोग्याला आणणाऱ्या सावित्रीबाई फुले स्वतः त्याच रोगाने 10 मार्च रोजी, म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, गेल्या. टिळकांनीही सरकारी अंमलबजावणीवर झोड उठवताना स्वतः शहर सोडले नाही, प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदू इस्पितळ काढण्यात भाग घेतला आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांना धारेवर धरले.

खेड्यांचा दाखला तर शिस्तवाद्यांना अधिकच अडचणीचा आहे. उंदीर पडू लागले की घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, ही त्या काळी दख्खनच्या गावांनी अंगीकारलेली रीत होती. घर, उंबरा आणि धान्याची कणगी सोडणे हे फार कडक बंधन होते, तरी ते पाळले गेले, कारण सारे गाव एकत्र जात असे आणि कोणी एकटा पडत नसे. प्लेगचा प्रसार उंदरांवरच्या पिसवांमधून होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवले, तेव्हा माळावर जाणारे तथाकथित अडाणी भिंती धुऊन काढणाऱ्या तज्ज्ञांहून योग्य वागत होते, हे उघड झाले. उलट एवढ्या सक्तीनंतरही 1897 च्या उत्तरार्धात पुण्यात प्लेग पुन्हा उसळलाच.

यावरून दोन प्रकारची बंधने वेगळी करावी लागतात. घालणाऱ्यावर कोणतेही ऋण न चढवणारे बंधन एकतर्फी म्हणता येईल. आणि ज्याच्याकडून स्वातंत्र्य मागायचे त्याचा भार उचलण्याचे वचन ज्यात गृहीत आहे, ते दुतर्फी. कडकपणाचा या भेदाशी संबंध नाही. गावाला दुसरा प्रकार परका नाही: आज माझ्या शेतात सगळ्यांनी राबायचे, जेवण माझ्याकडे, उद्या तुझ्या शेतात, ही इर्जिकीची पद्धत शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झालेली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम या कसोटीवर कुठे उतरते? आशा सेविकेने दारात येऊन ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा 95 च्या खाली आहे का ते पाहायचे आणि तसा असल्यास रुग्णाला पुढे पाठवायचे. काम चोख होते. पण जिला विलगीकरणासाठी न्यायचे तिच्या म्हशीची धार दोन्ही वेळा कोण काढणार, ऐन कापणीत शेतातला भात कोण कापणार, याचा रकाना सेविकेच्या कागदात नव्हता. ताप लपवणारी बाई मूर्ख नसते. तिने केलेला हिशेब मोहिमेने केलेला नसतो. मे 2021 मध्ये पुण्यासह 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा हा हिशेब अधिकच बिकट झाला. पुढच्याच महिन्यात खुद्द आशा सेविकांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले, म्हणजे ज्यांच्या खांद्यावर बंधनाचा डोलारा उभा होता त्यांच्याशीही ते एकतर्फीच होते.

दुतर्फी बंधनाला पैसा लागतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला काही हिस्सा विलगीकरण कक्षासाठी वापरण्याची मुभा मिळालीच होती. खाटांसाठी तरतूद होऊ शकते, तर विलगीकरणातल्या माणसाच्या गोठ्यासाठी आणि शेतासाठी गावाने पाळी लावणे अशक्य कोटीतले नव्हे. पुढची साथ येण्याआधी प्रत्येक ग्रामसभेने ठरवून ठेवायला हवे ते हेच: वेशीवर काटे टाकण्याचा ठराव करायचा असेल, तर आत-बाहेर अडकलेल्यांचे दूध, धान्य, गुरे आणि लावणी कोण पाहणार, हे त्याच ठरावात नावानिशी लिहिलेले असावे. तसे नसेल तर तो ठराव मोडणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याचा अधिकार गावाला नाही, आणि सरकारला तर मुळीच नाही.