कर्तृत्व आणि दातृत्व

कुंभार घट घडवितो. परंतु माती त्याने निर्माण केलेली नसते, पाण्याने माती मऊ व्हावी हा नियम त्याचा नसतो आणि घटाला आकार देणारी बोटेही त्याने घडविलेली नसतात. तरीही घट भाजून निघाला की मुखी शब्द येतो तो 'मी केले' हाच. कवी, विणकर, गवंडी यांची स्थिती याहून निराळी नाही. म्हणून मनुष्याची निर्मितिशक्ती त्याची स्वतःची की दिलेली, हा प्रश्न मुमुक्षूने टाळू नये.

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, असा महानुभाव सिद्धान्त आहे. जीव अनादि अविद्येने बद्ध असून त्याच्या उद्धारासाठीच परमेश्वर सृष्टिरचना प्रवर्तवितो. तेव्हा देह, बुद्धी व हाताचे कौशल्य ही त्या रचनेत लाभलेली साधने होत. कोणी म्हणेल, कौशल्य तर अभ्यासाने येते. मग ते दान कसे? अभ्यास खराच, परंतु पेरणाऱ्याचे श्रम खरे असले तरी बीजातील अंकुरण्याचे सामर्थ्य त्याचे नसते. श्रम जीवाचे, सामर्थ्य दिलेले.

हे मान्य केल्यावर दोन दोष टाळावे लागतात. पहिला, दिलेले आपले मानून त्याचा अहंकार वाहणे. दुसरा, वैराग्याच्या नावाखाली ते निरुपयोगी ठेवणे.

पहिल्या दोषाचे निवारण पूर्वसूरींच्या आचरणात दिसते. नरेंद्र कवीचे 'रुक्मिणीस्वयंवर' सुमारे 1292 सालचे. ते ऐकून रामदेवराव यादवाने प्रत्येक ओवीस सोन्याचे नाणे देऊ केले आणि ग्रंथावर आपली नाममुद्रा मागितली. अशाने कविकुळाला दूषण लागेल, असे सांगून नरेंद्राने नकार दिला, हे परंपरेत प्रसिद्ध आहे. काव्य ही एकट्याची मालमत्ता वाटली असती, तर सौदा करण्यास त्याला अडचण ती कोणती? भास्करभट्ट बोरीकरांचा 'शिशुपाळवध' पाहून गुरुबंधूंनी सांगितले की ग्रंथ उत्तम, परंतु निवृत्तांच्या योग्य नव्हे. कवीश्वरांनी रोष न धरता 'उद्धवगीता' रचिली. ज्याला आपले कौशल्य ठेव वाटते, त्यालाच असा बोल सोसतो.

दुसऱ्या दोषाचे उत्तर म्हाइंभटांनी दिले. ते शास्त्रनिपुण पंडित. परंतु सर्वज्ञांच्या लीळा संकलित करताना त्यांनी पांडित्य बाजूस ठेवून, ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकिल्या त्यांना गाठून विचारपूस केली. 'लीळाचरित्र' या श्रमाचे फळ. तसेच केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरिले. कारण संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. कौशल्य कितीही थोर असो, ज्यांच्यासाठी दिले गेले त्यांच्यापर्यंत ते पोचले नाही, तर दात्याचा हेतू अपूर्ण राहतो.

आजही पोथीची प्रत करणारा लेखक असो वा स्थानाचा ओटा बांधणारा गवंडी, त्याने काम संपल्यावर स्वतःस एवढेच विचारावे: हे पाहून लोकांस माझे नाव आठवेल की परमेश्वराचे स्मरण होईल? दुसरे घडले, तर दान सार्थकी लागले.