हजेरीपटाबाहेर

आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत एक प्लास्टिकची पिशवी जपून ठेवलेली असते. तिच्यात मुंबईतल्या कुठल्याशा गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, एखादी पगाराची पावती. पिशवी सांभाळणारा स्वतः गिरणीत गेलेला असतोच असं नाही. वडील गेलेले असतात, किंवा सासरे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला सरकारी योजनेतून घर मिळू शकेल असं ठरलं, आणि जुन्या कागदांना एकाएकी मोल आलं. त्याच जानेवारीच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांनी शेवटी गावाकडची एसटी धरली.

इतिहासाच्या प्राध्यापकाला ही पिशवी दिसली तर तो हरखून जाईल. त्याच्या लेखी ते साधन आहे. घरच्यांच्या लेखी तो दावा आहे, आणि अजून निकालात न निघालेला. श्रमिकांचा इतिहास विद्यार्थ्यांना संगणकाच्या मदतीनं, समाजाला सोबत घेऊन शिकवायचा, असं अलीकडे बरंच बोललं जातं. त्यातला ‘समाज’ म्हणजे ही पिशवीवाली माणसं. त्यांना वारसा जतन करायचा नाही, घर हवं आहे. कोल्हापुरात हे काम करायचं तर सुरुवात इथून व्हावी असं मला वाटतं.

कोल्हापुरात कागदांचा तुटवडा कधीच नव्हता. संस्थानाचे मोडीतले रुमाल पुराभिलेखागारात आहेत. शाहू महाराजांच्या कागदपत्रांचे खंड शिवाजी विद्यापीठातून निघाले. राज्य आपला कागद जपतं. पण त्याच महाराजांनी १९०६ मध्ये पाया घातलेल्या शाहू मिलच्या कामगारांचं काय? भोंग्याच्या वेळेवर शहराचं घड्याळ लावणारी पिढी अजून हयात आहे. मिल २००३ मध्ये बंद पडली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त २०२२ मध्ये झालेल्या कृतज्ञता पर्वात तिच्या आवारात प्रदर्शनं भरली, गर्दी लोटली, आणि ते योग्यच होतं. मात्र त्या भिंतींना ज्यांनी शंभर वर्षं पाळ्या दिल्या त्यांची नावं सलग कुठं वाचायला मिळत नाहीत. मिलचा संस्थापक सर्वांना ठाऊक असतो, साच्यावर उभा राहिलेला माणूस त्याच्या गल्लीपुरता.

मजेची गोष्ट अशी, की कॅमेऱ्यानं हा माणूस फार लवकर पाहिला होता. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथंच १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपट्यांची कथा, नायकाच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरी भागातून पुढं पन्नास-साठ वर्षं जे घडत राहिलं, त्याची ही मूक नांदी. विद्यार्थ्यांना श्रमाचा इतिहास शिकवताना मी आधी ही गोष्ट सांगेन, पिशवी नंतर उघडेन.

स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट या लेखकानं १९७८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. ‘जिथं उभा आहेस तिथंच खण’ अशा अर्थाचं त्याचं नाव. कारखान्यांचे इतिहास मालक लिहवून घेतात, तेव्हा कामगारांनी आपापल्या कामाच्या जागेचा इतिहास स्वतः शोधावा, कारण त्या कामातले जाणकार तेच आहेत, हा त्याचा आग्रह. सिमेंटच्या धंद्याचं उदाहरण घेऊन त्यानं शोधायचं कसं ते दाखवलं. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांना बोलतं करून जे पुस्तक केलं, ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’, ते याच घराण्यातलं. त्यात गिरणी आहे, तशीच खाणावळही आहे. आणि खाणावळ चालवणारी बाई कुठल्याच मस्टरवर नव्हती.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो, समाजसहभागाचे क्रेडिट मिळवावे लागतात. मुलं मोबाइल घेऊन निघतात, गूगल फॉर्म भरून आणतात. मुलाखती कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर जातात, मूल्यांकन समितीच्या भेटीपुरती एक देखणी फाइल होते आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांकडून तेच सगळं पुन्हा. ज्याची मुलाखत घेतली त्याच्या हाती काही पडत नाही, चहाचा खर्च मात्र त्याचा.

पिशवीतल्या कागदांनी हे उलटं करता येईल. मुलांनी आधी कागद नीट स्कॅन करावेत, त्यांची स्वच्छ प्रत आणि यादी घरच्यांना द्यावी. झिजलेला तिकीट नंबर वाचून देणं हीच त्या घराला पहिली मदत. मग घरच्यांच्या परवानगीनं तक्ता मांडावा: गाव, गिरणी, खातं, पाळी, लागल्याचं साल. पन्नासेक कार्डं जमली की नकाशावर रेषा उमटू लागतील, आणि एका गावाची माणसं एकाच गिरणीकडे, कधी एकाच खात्याकडे सरकलेली दिसण्याचा संभव मोठा आहे. कारण भरती जॉबर करायचा, आणि जॉबर माणसं आणायचा ती आपल्या गावची, आपल्या भावकीतली. पाठ्यपुस्तकात जॉबरवर दोन वाक्यं असतात. मुलानं स्वतः भरलेल्या तक्त्यात त्याचा हात ठसठशीत दिसतो. त्याच्या जोरावर पोरांना काम मिळालं, आणि त्याच्याच मेहेरबानीवर, कायम पटावर नसलेला बदली कामगार सकाळी गेटवर ताटकळत राहिला. गावाची मुंबईतली खोली, एकाच्या पाळीनंतर दुसऱ्यानं पाठ टेकायची जागा, हेही मग ओघानं निघतं.

हा तक्ता मात्र सगळाच्या सगळा सार्वजनिक करता येणार नाही. घराचा दावा प्रलंबित असताना फंडाचा नंबर इंटरनेटवर टाकणं म्हणजे दलालाला आवतण. खुलेपणा हे डिजिटल मंडळींचं आवडतं मूल्य आहे, पण इथं ते कुणाच्या जिवावर, हे आधी विचारलं पाहिजे.

माझ्या मते या साऱ्या शिक्षणाचा गाभा सॉफ्टवेअरमध्ये नाही, रकान्यांत आहे. मुलांच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा कागल तालुक्यातल्या कापशीत चपलेची वेणी घालणाऱ्या बाईपुढे तो फॉर्म ठेवला, तर त्या रकान्यात ‘घरकाम’ लिहिलं जाण्याची शक्यता दाट. पुरुष तळ कापतो, ठोकतो, कान बसवतो, तो कारागीर. ती वादी ओवते, वेणी विणते, ती घरात बसून हातभार लावते. मिलच्या मस्टरनं बदलीवाल्याशी जे केलं ते मुलांचा फॉर्म तिच्याशी करतो, आणि कोणाच्याही मनात वाईट नसताना करतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाळूचे साचे भरायला आता दूरदूरच्या राज्यांतून मुलं येतात. ‘मूळ गाव’ या रकान्यात त्यांनी बिहारमधलं गाव लिहिलं तर उद्याचा अभ्यासक त्यांना कोल्हापूरचा कामगार म्हणेल की नाही? हा प्रश्न वर्गात विचारावा आणि मुलांना भांडू द्यावं. एक दिवसाचं भांडण तीन व्याख्यानांपेक्षा उपयोगी.

रकाने नीट केले तर काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते विद्यापीठाच्या एखाद्या प्रकल्पातून आलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया, एक लाखावर ओव्या. बर्नार्ड बेल या संगणक जाणणाऱ्या संगीत-अभ्यासकानं ध्वनिमुद्रण आणि माहितीसाठ्याची बाजू सांभाळली. २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून हे भांडार सर्वांपुढे आणलं. दळण हे श्रमच, पण त्याचा हजेरीपट कोणी मांडला नव्हता. इथं ओवीबरोबर गाणारणीचं नाव येतं, गाव येतं. ‘लोकसाहित्य’ म्हटलं की कवी अनाम असायचाच, ही आपल्या अभ्यासाची जुनी सवय त्या दोन रकान्यांनी मोडली. लाखभर ओव्यांतून सासर, भाऊ, जातीचा जाच, डॉ. आंबेडकर असे विषय शोधता येतात ही संगणकाची करामत. पण नाव विचारायचं हे माणसांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं त्या गावांत जाणं-येणं ठेवलं होतं. सेमिस्टरच्या पंधरा आठवड्यांत ते बसत नाही. तेव्हा अशा कामाची मालकी एका बॅचकडे न ठेवता एखाद्या गावाच्या वाचनालयाकडे किंवा कामगार संघटनेकडे असावी; बॅचेस येतील-जातील.

आता पुन्हा चपलेची वेणी घालणाऱ्या बाईकडे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोत कोल्हापुरीसारखी पादत्राणं कोल्हापूरचं नाव न घेता झळकली आणि गदारोळ झाला. त्या सुमारास राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं चपलेवर क्यूआर कोड आणला. मोबाइल धरला की कारागिराचं किंवा उत्पादन केंद्राचं नाव, जिल्हा, कच्चा माल, पद्धत कळते. ज्याला डिजिटल मानव्यविद्या म्हणून परिषदांतून निबंध वाचले जातात, ती इथं थेट पायातल्या चपलेत आली. ‘कारागिराचं किंवा केंद्राचं’ यातल्या ‘किंवा’वर मुलांना एक अभ्यास द्यावा: सुभाषनगरात जाऊन, कारागिरांशी बोलून, त्या कोडमागे आणखी कोणते रकाने हवेत ते ठरवायचं. वेणी घालणारीचं नाव? जोडीमागं तिला मिळालेली मजुरी? मजुरीचा आकडा दिसला तर व्यापारी ऑर्डर देईल का, अशी शंका घरातूनच निघेल आणि ती खोटी नसेल. काही जणी नाव द्या म्हणतील, काही नको म्हणतील. ‘नको’ म्हणणाऱ्यांची कारणंही वहीत उतरवून घ्यायला मुलांना सांगावं, आणि त्या वहीची एक प्रत वस्तीतच ठेवावी.