जाणण्यासाठी दुखवावे काय?

गेल्या हिवाळ्यात आमची मान अवघडली आणि आठवडाभरात उजव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत कळ उतरू लागली. एमआरआयचा अहवाल घेऊन आम्ही येथे वडोदऱ्यातच एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मुलगी आमच्या नातीच्या वयाची. अहवाल वाचून तिने तो बाजूला ठेवला, दोन्ही हातांचे बळ पाहिले, कोपरापाशी हातोडीचा हलका ठोका दिला. मग, आता मुद्दाम थोडे दुखवावे लागेल, असे सांगून म्हणाली, "काका, दुखे तो तरत कहेजो."

'मुद्दाम' या शब्दापाशी आम्ही अडखळलो. वेदना दूर करणे हा ज्या विद्येचा धर्म, तिने जाणण्यासाठी दुखवावे काय?

ही परीक्षा स्पर्लिंग व स्कोव्हिल या अमेरिकन शल्यविशारदांनी १९४४ साली वर्णिली. मान दुखऱ्या बाजूस कलती करून डोक्यावर बेताने दाब देतात. मणक्यांमधील ज्या छिद्रांतून मज्जातंतू बाहेर पडतात, ती त्याने अरुंद होतात. कळ हातात उतरली, तर तंतूचे मूळ दबले असावे असा तर्क करता येतो. उलट हनुवटी व कवटीचा मागचा भाग धरून डोके अलगद वर ओढले आणि कळ ओसरली, तर तर्काला बळकटी येते. अपघातात हाड मोडल्याची शंका असेल, तर मात्र असा दाब देत नाहीत.

हे सारे एमआरआयने भागणार नाही काय? जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांची चित्रे तपासली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८८ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे चित्रात दिसलेला दोष हाच दुखण्याचे कारण, असे चित्र एकटे सांगू शकत नाही. त्यासाठी दुखणाऱ्याचीच साक्ष हवी.

येथे आम्हांस आमचा जुना न्हावी आठवतो. दाढी झाली की तो न विचारता मान हिसडून कट्कन मोडीत असे, आणि आम्हांस मोठे सुख वाटे. अशा हिसड्याने मानेतील रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळा असली तरी वैद्यकात नोंदलेली आहेत. न्हाव्याने न विचारता सुख दिले, या मुलीने विचारून दुःख दिले. नीती कोणत्या हातात अधिक होती, हे सांगावयास नको.

दुखवण्यास आधार तीन: ज्याला दुखवायचे त्याला ते ठाऊक असावे, थांबविण्याची सत्ता त्याच्याकडे असावी आणि मिळालेल्या उत्तराने पुढची कृती ठरणार असावी.

परंतु चौथी अट आमच्याकडे होती, आणि ती आम्ही मोडली. कळ अंगठ्यापर्यंत गेली असता आम्ही, सवयीने, "काही नाही" म्हणालो. तिने आमचे आवळलेले डोळे पाहून हात काढून घेतला. विचारणाऱ्याला खरे सांगणे हेही रुग्णाचे कर्तव्यच.

घरी परतताना वाटले, तरुण मुलांना त्यांच्या हिताच्या नावाखाली आम्ही नोकरीचे, लग्नाचे बोचरे प्रश्न विचारतो. उत्तराने आमचे वागणे बदलणार नसते, आणि त्यांचे आवळलेले डोळे पाहून आम्ही थांबतही नाही.