पिंपातला डास आणि पिवळी पुस्तिका

बुवापाडा या वस्तीत एका घराच्या दारात निळं प्लास्टिकचं पिंप आहे. पूर्वी त्यात कुठल्यातरी कारखान्याचं केमिकल असणार. आता नळाला पाणी आलं की ते भरून ठेवतात. वर पत्र्याचा तुकडा, पत्र्यावर वीट. या घरातल्या मुलाला, तो फिटर आहे, युगांडात नोकरी लागली. पेढे वाटून झाले आणि दोन दिवसांनी तो पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आला. "काका, हे पिवळं इंजेक्शन कशाला? मला काय झालंय?"

प्रश्न रास्त होता. निरोगी माणसाने भायखळ्याच्या जे. जे. हॉस्पिटलात रांग लावायची कशाला? त्यात एजंटाने तिकीट काढलं होतं लस टोचल्यापासून आठव्या दिवसाचं. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लशीचा दाखला पिवळ्या पुस्तिकेत मिळतो आणि लागू होतो दहाव्या दिवसापासून. तिकीट पुढे ढकलायचा भुर्दंड वडिलांनी भरला, एजंटाने नाही.

ही लस सरकारने नेमलेल्या मोजक्याच केंद्रांत मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपीतली पूड पातळ केली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून ठरावीक वार, आधी नाव नोंदवणं, माणसं जमेपर्यंत बाकावर बसणं. जे. जे.च्याच आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा संशय उलट्या दिशेने वाहत होता. मुंबईचं माणूस म्हणजे प्लेग, असं जग धरून चाललं होतं. त्या साली मुंबईहून हजची वाटही बंद झाली होती.

आज हा दाखला युगांडा मागतं आणि परतताना भारतही मागतो. भारताची मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, डेंग्यूमुळे घरोघर ओळखीचा झालेला. त्याला गटाराचं पाणी नको. साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. म्हणजे नेमकं ते पिंप. उद्या कुणी अंगात विषाणू घेऊन बुवापाड्यात उतरला आणि त्याला इथला डास चावला, तर पुढचं सांगायला नको. म्हणून पीतज्वराच्या देशातून दाखल्याशिवाय आलेल्याला, मग तो भारतीय का असेना, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लशीने मुलाचं रक्षण होतंच. पण सरकारला घोर आहे तो त्याच्या आईचा आणि शेजारपाजाऱ्यांचा.

हा घोर पोकळ नाही. 2016 मध्ये अंगोलात कामाला गेलेले चिनी कामगार घरी परतले आणि त्यांच्यापैकी 11 जणांना पीतज्वर निघाला. आशियात हा रोग असा पहिल्यांदाच आला. सुदैवाने तिथे तो पसरला नाही. ते फिरस्ते धनिक नव्हते, पोटासाठी परमुलखात गेलेले कामकरी होते, आमच्या फिटरसारखेच.

पण सीमेवरची प्रत्येक भीती अशी डासापर्यंत पोचत नाही. 1994 च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि मग सुरतेला प्लेगची बातमी उठली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना प्रवास थांबवू नका म्हणत असताना आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली. 2021 ची गोष्ट तर हसावं की रडावं अशी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेले कोविशील्ड या कोरोना लशीचे 50 लाख डोस ब्रिटनने मार्चमध्ये मागवून आपल्या लोकांना टोचले. सप्टेंबरात तीच लस घेतलेल्या भारतीयाला मात्र तिथे दहा दिवस कोंडून घ्यायला सांगितलं. आधी लशीच्या नावावर अडलं, मग म्हणे लस ठीक, दाखल्याचा भरवसा नाही. 4 ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश प्रवाशांना तोच नियम लावला आणि 11 ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट उठवली. आठवड्याभरात विषाणू बदलला नव्हता.

पीतज्वराचा नियम मला पटतो आणि ब्रिटनचा नाही, त्याचं कारण माझं देशप्रेम नाही. पहिल्यात रोग, डास, पाणी, माणूस ही साखळी कडी कडी दाखवता येते. दुसऱ्यात फक्त शिक्का कुणाचा, एवढाच प्रश्न होता. आणि पहिला नियम पटतो म्हणताना एक गोष्ट खटकत राहते: विमानतळावर पुस्तिका तपासणारं सरकार आणि बुवापाड्याला पिंप भरून ठेवायला लावणारी व्यवस्था ही काही दोन वेगळ्या देशांतली नाहीत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप घासून पालथं घाला, असं सांगायला माणसं येतात. पाणी पुन्हा कधी येणार हे माहीत नसलेली बाई भरलेलं पिंप कशी ओतेल?

मुलगा गणपतीला सुट्टीवर आला. पुस्तिका दाखवली, शिक्का बसला, बाहेर. ती आता रेशनकार्डाबरोबर स्टीलच्या डब्यात असते. 2016 पासून हा दाखला जन्मभर चालतो हे कळल्यावर आई ती लॅमिनेट करायला निघाली होती. मी म्हटलं, वहिनी, नको. आत पानं कोरी आहेत, उद्या आणखी कुठली लस लागली तर नोंद कुठे करायची?