अरण्याची अमानत

एखाद्या भूमीवर माणसाचा जीव जडणे ही ईमानाला बाधा आणणारी गोष्ट नव्हे. हिजरतीच्या वेळी मक्केचा निरोप घेताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काढलेल्या उद्गारांत विरहाची वेदना स्पष्ट दिसते. पुढे मदिनेत, उहुदचा डोंगर दृष्टीस पडताच, हा डोंगर आमच्यावर प्रेम करतो आणि आम्ही त्याच्यावर, अशा आशयाचे शब्द त्यांच्या मुखातून निघाले. तेव्हा भूमीवर प्रेम करावे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. खरा प्रश्न असा की, त्या प्रेमाने आपल्यावर कोणती जबाबदारी येते? अनेक वर्षांनी परतणाऱ्या माणसासमोर हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो.

आपल्या कोकणातील मुस्लिम कुटुंबांना परतणे नवे नाही. मुंबई, आफ्रिका, आखाती देश; रोजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली आणि उतारवयात गावी आली. परतणारा माणूस आपले घर, मशीद, कब्रस्तान पाहतो आणि मग तरुणपणी पाहिलेला डोंगर त्याला बोलावू लागतो. संगमेश्वर तालुक्यातील अनेकांसाठी तो डोंगर म्हणजे प्रचितगड आणि त्यामागचे चांदोलीचे अरण्य. याच परिसरात उगम पावणारी शास्त्री नदी संगमेश्वरवरून पुढे जयगडला समुद्रास मिळते. तिच्या काठच्या मोहल्ल्यांचे आणि त्या अरण्याचे नाते पाण्याचे आहे.

रत्नागिरी, सातारा, सांगली आणि कोल्हापूर या चार जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. त्याचे क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर आहे. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. शृंगारपूरच्या वाटेने ज्यांनी विद्यार्थिदशेत ती चढण चढली आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा चढली, त्यांपैकी मीही एक आहे. पूर्वी सड्यावर गुरांच्या घंटा ऐकू येत आणि वाडीवर ताक मिळे. आता वाडी नाही. घरांची जोती गवतात बुडाली आहेत. भाताच्या खाचरांची कुरणे झाली असून तेथे गवे आणि सांबर चरतात. कोणी तरी लावलेला आंबा मात्र अंगण नसलेल्या जागी उभा आहे.

अशा वेळी मनात दोन भावना एकदम उठतात. जंगल दाट झाले, शेकरू पुन्हा फांद्यांवर दिसते, याचा आनंद होतो. आणि लगेच मन तक्रार करते की, आमच्या वेळचे ते राहिले नाही. ही तक्रार थोडी तपासून पाहिली पाहिजे. ‘आमच्या वेळचे’ या शब्दांत प्रेमाबरोबर मालकीही लपलेली असते. अरण्याने आपली आठवण जशीच्या तशी जपून ठेवावी, अशी अपेक्षा त्यात असते. पण अरण्य आपल्या आठवणींसाठी निर्माण झालेले नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अन्‌आममध्ये (६:३८) पृथ्वीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना माणसांसारखेच समुदाय म्हटले आहे. ज्यांचा स्वतःचा समुदाय आहे आणि ज्यांची आपल्या पालनकर्त्याकडे स्वतःची नोंद आहे, ते आपल्या प्रेमाचे साहित्य कसे ठरतील?

मक्का विजयाचा प्रसंग येथे आठवावा. आठ वर्षांनी प्रेषित (स.) विजेते म्हणून आपल्या जन्मभूमीत परतले. तेव्हा विचारण्यात आले की, आपण आपल्या घरी मुक्काम करणार का? अकीलने आमच्यासाठी घर ठेवलेच कोठे, असे त्यांनी उत्तरादाखल विचारले आणि मुक्काम दुसरीकडे केला. हातात सत्ता होती, तरी जुन्या घरांवर हक्क सांगितला नाही. भूमीवर सर्वाधिक प्रेम करणाऱ्याने परततेवेळी हक्काची भाषा केली नाही, हा आपल्यासाठी मोठा धडा आहे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. आपण आपला हक्क सोडणे हा त्याग होय. दुसऱ्याने त्याचा हक्क सोडावा असे आपण परस्पर ठरवणे हा त्याग नव्हे. चांदोलीच्या अरण्यातून गोठणे, निवळे, झोळंबी यांसारखी गावे उठली. वारणा धरणाच्या जलाशयाने काही जमीन घेतली, संरक्षित क्षेत्राने काही. कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई असते. जे उठले त्यांच्यापैकी अनेकांना पर्यायी जमीन आणि नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अभयारण्यग्रस्तांची आंदोलने महाराष्ट्राला ठाऊक आहेत. वर्षांनी येऊन शेकरू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आनंदाची किंमत त्यांनी भरली आहे.

मग संरक्षण चुकीचे होते काय? इस्लामचा इतिहास तसे म्हणू देत नाही. प्रेषितांनी (स.) मदिनेच्या परिसराला पवित्र क्षेत्र ठरवून तेथे झाडे तोडण्यास आणि शिकार करण्यास मनाई केली. नकीअ येथील कुरण त्यांनी राखीव केले. अशा राखीव भूमीला ‘हिमा’ म्हणतात. ह. उमर (रजि.) यांनी शरफ आणि रबजा येथे हिमा राखले आणि त्याच्या राखणदाराला दिलेली ताकीद सहीह बुखारीत नोंदली आहे. थोडे उंट आणि थोड्या शेळ्या-मेंढ्या बाळगणाऱ्या गरिबाला आत येऊ द्यावे, मात्र ह. अब्दुर्रहमान बिन औफ आणि ह. उस्मान (रजि.) यांच्यासारख्या संपन्न लोकांच्या कळपांना रोखावे, असा तिचा आशय होता. कारण त्यांनी स्पष्ट केले: संपन्नांचे पशू मेले तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुरीच्या बागा आहेत, गरिबाचे मेले तर तो मुलाबाळांना घेऊन आपल्या दाराशी उभा राहील. ही भूमी त्या लोकांचीच आहे आणि आपण त्यांच्यावर अन्याय केला असे त्यांना वाटत असेल, याचीही जाणीव त्यांनी त्याच वेळी बोलून दाखवली.

राखीव क्षेत्राचा न्याय येथे दिसतो. कुरण राखायचे, पण त्याचा भार सर्वांत दुर्बळाच्या खांद्यावर टाकायचा नाही. अरण्य आणि माणूस यांत एकाची निवड करा, असा हा प्रश्नच नाही. दोघेही अल्लाहचे आहेत आणि दोघांचेही हक्क आपल्याकडे अमानत आहेत. अमानत पूर्ण फेडायची असते. निम्मी फेडून हिशेब मिटत नाही.

म्हणून परतणाऱ्याचे कर्तव्य केवळ आठवणींनी डोळे ओले करण्यात संपत नाही. अरण्यात जावे ते पाहुण्याच्या अदबीने: परवानगी घेऊन, आवाज न करता, मागे कचरा न ठेवता. आणि खाली उतरल्यावर, ज्यांच्या अंगणात तो आंबा होता त्यांची चौकशी करावी. त्यांची मुले शिकतात काय, जमिनीचा कागद हाती आला काय, अर्ज लिहिण्यास कोणी आहे काय, हे पाहावे. ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत. सूरह निसामध्ये (४:१३५) श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती स्वतःच्या विरुद्ध का जाईना. जंगल वाढल्याचा आनंद ज्याला झाला, त्याने त्या आनंदाची किंमत कोणी मोजली याचीही साक्ष द्यावी.

परतणारा माणूस भूमीकडे पाहून म्हणतो, ही किती बदलली! सूरह जिलजाल सांगते की, एक दिवस असा येईल जेव्हा भूमी स्वतः आपले सर्व वृत्तांत सांगेल. त्या दिवशी आपण तिच्याविषयी बोलणार नाही, ती आपल्याविषयी बोलेल. तिच्यावर आपले किती प्रेम होते हे ती सांगेल की नाही, अल्लाहच जाणे. तिच्या पाठीवर आपण काय केले, हे मात्र ती नक्की सांगेल.