रिक्थ आणि ऋण

पॅरिस, रोम किंवा व्हिएन्ना पाहून आलेला मनुष्य त्या शहरांचें वर्णन करतांना थकत नाहीं. पोलंडकडे वळलेला प्रवासी बहुधा क्राकोव्ह पाहून समाधान मानतो. ओडर नदीच्या कांठीं, सिलेशिया प्रांतांत वसलेल्या व्रोत्सवाफची वाट त्या मानानें थोडेच धरतात. वास्तविक रूपानें हें शहर कोणास हार जाणारें नाहीं. नदीच्या फांट्यांनीं बनलेलीं बेटें, त्यांना जोडणारे पूल, विटांचा जुना नगरमंदिराचा वाडा, आणि ऑस्त्रूव्ह तुम्स्की ह्या धर्मपीठाच्या भागांत आजहि सायंकाळीं हातानें पेटविले जाणारे सुमारें शंभर गॅसचे दिवे, एवढी सामग्री पुष्कळ प्रसिद्ध शहरांपाशींहि नसेल. परंतु मला तें रूपासाठीं महत्त्वाचें वाटत नाहीं. एका नैतिक प्रश्नाची इतकी स्पष्ट मांडणी दगडाविटांत झालेली मीं दुसरीकडे पाहिली नाहीं. प्रश्न असा: दुसऱ्याच्या दुःखानें रिकामें झालेलें घर, आपल्या कोणत्याहि अपराधावांचून आपल्या वांट्यास आलें, तर आपण त्याबद्दल कोणाचें कांहीं देणें लागतों काय?

१९४५ पर्यंत ह्या शहराचें नांव ब्रेस्लौ होतें आणि तें जर्मन होतें. पोलिश राजे, बोहेमियाचे राजे, १५२६ पासून हॅब्सबुर्ग घराणें, १७४१ पासून प्रशिया असे त्याचे धनी बदलत गेले. पण धनी बदलला म्हणून रयत एका रात्रींत बदलली असें कधीं झालें नव्हतें. १९३९ मध्यें तेथें सुमारें सव्वासहा लाख लोक राहत होते. संस्कृताच्या अभ्यासकास तर ब्रेस्लौ हें नांव ओळखीचें वाटावें. आडोल्फ स्टेन्झलर हे येथील विद्यापीठांत अध्यापक होते. त्यांनीं कुमारसंभवाची आणि मृच्छकटिकाची आवृत्ति काढली, आणि १८४९ मध्यें याज्ञवल्क्यस्मृति जर्मन भाषांतरासह छापली. ह्या शेवटल्या ग्रंथाकडे पुढें परत यावें लागणार आहे.

१९४५ च्या फेब्रुवारींत रशियन फौजांनीं शहरास वेढा घातला. हिटलरच्या राज्यकर्त्यांनीं त्याला ‘किल्ला’ ठरविलें होतें. वेढ्यांत विमानें उतरावीं म्हणून त्यांनीं आपल्याच शहराचा एक राजरस्ता व त्याच्या दुतर्फाचीं घरें जमीनदोस्त करून धांवपट्टी तयार केली. आज तेथें ग्रुनवाल्डस्की चौक आहे, आणि विद्यार्थ्यांची गर्दी असते. बर्लिन पडल्यावरहि चार दिवस झुंजून ६ मे रोजीं ब्रेस्लौ शरण आलें. पोट्सडॅमच्या परिषदेंत सिलेशिया पोलंडच्या हवालीं झाला. पुढील दोन-तीन वर्षांत जर्मन रहिवासी हातांत मावेल तेवढें सामान घेऊन पश्चिमेकडे घालविले गेले, आणि त्यांच्या खोल्यांतून, त्यांच्याच पलंगांवर, पोलिश कुटुंबें निजूं लागलीं.

हीं कुटुंबें तरी कोण होतीं? पुष्कळशीं मध्य पोलंडमधून आलीं, आणि बरींच पूर्वेकडील मुलखांतून. तो मुलूख सोव्हिएट रशियानें घेतल्यामुळें तींहि आपल्या घरांतून निघालेलींच होतीं. ल्व्हूव्ह शहर जसेंच्या तसें येथें येऊन वसलें अशी एक गोष्ट सांगतात. ती अतिशयोक्ति आहे. पण ल्व्हूव्हचें मन येथें आलें असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. तेथें १८१७ मध्यें स्थापन झालेल्या ओसोलिनेउम ग्रंथालयाचा एक भाग येथें आला. तेथेंच रंगविलेलें रात्सवावित्सेच्या १७९४ च्या लढाईचें सुमारें एकशें चौदा मीटर लांबीचें वर्तुळाकार चित्र १९४६ मध्यें येथें आलें, परंतु तें लोकांना दाखवावयास १९८५ साल उजाडलें. त्या लढाईंत पोलिश शेतकऱ्यांनीं ज्यांना हरविलें ते रशियन होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे विलंबाचें कारण निराळें सांगावें लागत नाहीं! मुख्य चौकांत प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा होता. तेथें १९५६ पासून ल्व्हूव्हहून आलेला नाटककार फ्रेद्रो खुर्चीवर बसलेला आहे. एकाचें गेलेलें घर दुसऱ्याच्या गेलेल्या घरांत मांडलें आहे.

नव्या सरकारनें प्रश्नाचें उत्तर फार सोपें करून टाकलें. हा मुलूख आम्हीं घेतला नाहीं, परत मिळविला, असें तें सांगे. हजार वर्षांपूर्वींचे पोलिश राजे साक्षीला उभे केले जात. दुकानांवरील आणि भिंतींवरील जर्मन अक्षरें खरवडलीं गेलीं. जर्मन दफनभूमी पुढें मोडून त्यांच्या बागा झाल्या. पण ज्यांच्यासाठीं हा सिद्धांत रचला त्यांचाच त्यावर पुरता विश्वास बसला नाहीं. जर्मन परत येतील ह्या धास्तीनें कित्येक घरांतून वर्षानुवर्षें बांधलेल्या पेट्या सोडल्या जात नव्हत्या. ज्या घराची मालकी मनास पटलेली नाहीं त्याचें छप्पर कोण शाकारणार?

ह्यावर एक सरळ आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. ज्या जर्मनांनीं पोलंडची राखरांगोळी केली, त्यांच्या घरांबद्दल पोलिश माणसानें देणें कसलें मानावयाचें? ह्या आक्षेपाचें वजन कळावयास शहराच्या एका भागांत जावें. तेथें कॅथलिक, लूथरपंथी आणि ऑर्थोडॉक्स चर्चें व एक ज्यू मंदिर हाकेच्या अंतरावर आहेत. पांढऱ्या करकोच्याचें म्हणून ओळखलें जाणारें हें मंदिर १८२९ चें आहे. शहरांतील दुसरें मोठें मंदिर १९३८ च्या नोव्हेंबरांत जाळलें गेलें. हें शेजारच्या घरांना आग लागेल म्हणून वांचलें. आणि पुढें ह्याच्याच अंगणांत ज्यू कुटुंबें मृत्यूच्या वाटेवर धाडण्यासाठीं गोळा केलीं गेलीं. म्हणजे ब्रेस्लौमधील पहिलीं रिकामीं घरें पोलिश माणसानें रिकामीं केलीं नव्हतीं, आणि त्यांत राहावयास गेलेले शेजारी जर्मन होते.

तरीहि आक्षेप पुरा पडत नाहीं, असें मला वाटतें. तो अपराध आणि ऋण ह्या दोन वस्तु एक समजतो. स्टेन्झलर ह्यांनीं ब्रेस्लौमध्यें बसून ज्या याज्ञवल्क्याचें भाषांतर केलें, तो सांगतो कीं जो रिक्थ घेईल त्यानें ऋणहि फेडावें. घेणाऱ्यानें तें ऋण स्वतः काढलें होतें काय, मृताशीं त्याचें पटत होतें काय, हें तो विचारीत नाहीं. दोष कर्त्याला चिकटतो. देणें वस्तूबरोबर येतें. व्रोत्सवाफच्या खोलींत जन्मलेल्या मुलाकडे कोणताहि दोष नाहीं. परंतु त्या खोलीची कड्याकुलुपासकट जी हकीकत आहे, ती त्याच्याकडे आलेली आहे, आणि ती खोटी सांगण्याचा अधिकार त्याला नाहीं. घर परत करणें हें ह्या ऋणाचें फेडणें नव्हे. तसें केल्यास निर्वासितांची आणखी एक रांग तयार होईल, एवढेंच. १९७० आणि १९९० च्या करारांनीं सरहद्दीचा वाद मिटविला हें म्हणूनच इष्ट झालें.

निर्वासितांची अशी रांग आपल्या मुलखानेंहि पाहिली आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलेंच अधिक. त्यांतील बहुतेकांचीं घरें त्याच पूर्वेकडील मुलखांत होतीं. युद्ध संपलें तेव्हां देश सुटला होता, पण त्यांचें गांव दुसऱ्या राज्यांत गेलें होतें. परत जा, असें त्यांस म्हणणें म्हणजे कोठें जा म्हणावयाचें?

१९६५ मध्यें पोलंडच्या धर्माध्यक्षांनीं जर्मन धर्माध्यक्षांस एक पत्र लिहिलें. त्याचा मसुदा व्रोत्सवाफचे आर्चबिशप कोमिनेक ह्यांचा होता. आम्हीं क्षमा करतों, इतकेंच त्यांत असतें तर सरकारनें कदाचित् तें खपवून घेतलें असतें. पण त्यांत क्षमा मागितलीहि होती, आणि त्याबद्दल धर्माध्यक्षांवर देशद्रोहाची राळ उडविली गेली. कोमिनेक ह्यांचा पुतळा आतां नदींतील एका बेटावर उभा आहे. २००८ मध्यें ग्राबिशिन्स्की बागेंत, मोडलेल्या दफनभूमींतील शिल्लक शिळा भिंतींत बसवून, शहराच्या पूर्वींच्या रहिवाशांचें एक स्मारक उभारलें गेलें. आपल्याकडे तर्पणाच्या शेवटीं जे आपले बांधव नव्हेत त्यांच्यासाठींहि पाणी सोडतात. त्या भिंतीपुढें मला त्याची आठवण झाली.

नदीच्या उत्तरेस नादोद्रझे नांवाची वस्ती आहे. वेढ्यांतून ती बरीचशी वांचली. गेल्या शतकापूर्वींचीं उंच, काळवंडलेलीं घरें, आंत अंगण, अंगणांत एखादा कारखाना. २०२२ पासून शहरांत युक्रेनमधून निघालेलीं कुटुंबेंहि आलीं आहेत. येथें जुना गिलावा पडला म्हणजे खालून कधीं कधीं जर्मन अक्षरें वर येतात: कोणा पाववाल्याचें, कोणा कोळसेवाल्याचें नांव. घराला नवा रंग देतांना कोणी तेवढी जागा मोकळी सोडतो. कोणी त्यावरून कुंचला फिरवतो.